पलंगामागचा कोपरा : जर्मनीतल्या पहिल्या थंडीचे एक प्रकरण

## पार्श्वभूमी

जुळे सोलापूर भागात वाढलेली, अभियांत्रिकीची पदवी घेतलेली एक विद्यार्थिनी सप्टेंबरअखेरीस पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाच्या गावी पोचली. ओळख पटू नये म्हणून गावाचे, संस्थेचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही, किरकोळ तपशीलही बदलले आहेत.

व्हिसासाठी आगाऊ पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक खात्यातून तिला महिन्याला ९९२ युरो मिळत. विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव होते, पण नंबर लागायला दोन सत्रे जातील असे उत्तर आले. म्हणून खाजगी घर शोधले. पहिल्या प्रयत्नात एका 'मालका'ने कळवले होते की तो सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल. बाबा त्याच दिवशी सात रस्त्याजवळच्या बँकेत पैसे पाठवायला निघाले होते. घर कोणी आतून दाखवायला तयार नाही आणि पैसे मात्र आधी हवेत, एवढ्यावरूनच ती जाहिरात सोडायला हवी होती. ती सोडली गेली ते बरे झाले.

दुसरे घर मिळाले ते गावात आधीपासून राहणाऱ्या एका मराठी मुलाने प्रत्यक्ष जाऊन, व्हिडिओ कॉल लावून दाखवल्यावर. १९ चौरस मीटरची एक खोली, कोपऱ्यात ओटा, बिनखिडकीचे न्हाणीघर, पलंग-टेबल-कपाट मालकाचे. इमारत शंभर वर्षांपूर्वीची, जाड विटांच्या भिंतींची, खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, म्हणजे दोन भिंती बाहेरच्या. खिडक्या मात्र दोनच वर्षांपूर्वी बदललेल्या, दुहेरी काचेच्या, रबरी पट्टीने घट्ट बसणाऱ्या. घर बघताना सगळ्यांना या खिडक्यांचेच कौतुक वाटले. पुढच्या अडचणीत त्यांचाच मोठा वाटा निघाला.

काल्टमीटे, म्हणजे मूळ भाडे, ३१० युरो. पाणी, हीटिंग, जिन्याची सफाई यांचे आगाऊ १०० युरो. मिळून ४१०. डिपॉझिट ९३०, म्हणजे तीन मूळ भाडी. जर्मन कायद्यात याहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही, आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता भाडे सुरू होताना. घरच्यांना हे ठाऊक नव्हते, त्यांनी पूर्ण रक्कम एकदम भरली. बेकायदा काही झाले नाही, पण पहिल्या महिन्यात हातात असायला हवे होते ते ६२० युरो अडकले. गाद्या-भांड्यांचा, सेमिस्टर फीचा महिना तोच असतो.

## ताब्याचा दिवस

१ ऑक्टोबरला व्यवस्थापन बघणाऱ्या संस्थेचा माणूस किल्ल्या आणि उबरगाबेप्रोटोकोल घेऊन आला. हा ताबा देतानाचा पंचनामा. मीटरची आकडेवारी, किल्ल्यांची संख्या, भिंती, फरशी, नळ, हीटर यांची स्थिती त्यात लिहितात. छापील फॉर्मवर प्रत्येक खोलीपुढे 'दोष नाही' असा चौकोन होता आणि त्या माणसाने तो सगळीकडे आधीच भरून आणला होता. विद्यार्थिनी दोन दिवसांच्या प्रवासाने थकलेली, जर्मन जेमतेम. तिने सही केली. पाच मिनिटांत काम झाले.

त्यानंतर तिने सवयीने एक गोष्ट केली. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला साडेचार मिनिटांचा व्हिडिओ काढला. दार, ओटा, नळ सोडून दाखवलेला, कपाट उघडून दाखवलेले, पलंगामागची भिंत, खिडकीतून दिसणारा चर्चचा मनोरा. त्यावर आईचा आवाजी संदेश आला, "त्या कोपऱ्यात रंग वेगळा दिसायलाय बघ, डाग आहे काय गं?" तिने उत्तर दिले, "नवा रंग दिलाय गं आई, म्हणून." हे दोन्ही संदेश तारखेसकट फोनमध्ये राहिले.

पहिले दोन आठवडे कागदांत गेले. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिका कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी मालकाने सही केलेले 'हा माणूस माझ्या घरात राहायला आला' असे पत्र लागते, नुसता भाडेकरार चालत नाही. हे पत्र ताब्याच्या दिवशीच मागून घ्यावे. तिला ते मिळायला आठ दिवस लागले. शिवाय टपालपेटीवर आणि दारावरच्या बेलवर आडनाव लावायचे राहून गेले. तिथला पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, पेटीवरचे नाव बघतो. बँकेचे पिनचे पाकीट परत गेले आणि त्यापायी दहा दिवस कार्डाविना गेले. कागदाची पट्टी चिकटवली असती तरी भागले असते.

## अडचण

मकर संक्रांतीचा दिवस. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेची गडबड, गड्डा भरलेला. जर्मनीत सकाळचे साडेसात, सोलापुरात दुपारचे बारा. संध्याकाळी गावातल्या मराठी मंडळींकडे हळदीकुंकू म्हणून तिने साडी काढायला पलंगाखालची बॅग ओढली. बॅगेची भिंतीकडची बाजू ओलसर आणि हिरवट. टॉर्च लावून बघितले तर कोपऱ्यात भिंतीवर काळे-हिरवे ठिपके, खालच्या पट्टीपासून साधारण ४० सेंटिमीटर वर आणि ६० सेंटिमीटर आडवे पसरलेले. ठिपके कडेला सुटेसुटे, कोपऱ्यात एकमेकांत मिसळलेले. हात लावला तर भिंत गार आणि चिकट. कुबट वास महिनाभर येत होता, तो तिने न्हाणीघराचा धरला होता.

या बुरशीला जर्मनीत शिमेल म्हणतात आणि भाडेकरू-मालक यांच्यातल्या वादांत हा नेहमीचा विषय आहे. मालकाचे म्हणणे ठरलेले असते, तुम्ही हवा खेळती ठेवत नाही. भाडेकरूचेही ठरलेले, तुमची इमारत सदोष आहे. या घरात दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते.

## पाणी आले कुठून

सोलापूरकराला ओलीची भीती फारशी ठाऊक नसते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या दोरीवर टाकलेली जाडजूड सोलापुरी चादर दोन तासांत कडकडीत वाळते. घरात कपडे टांगले तरी हवा उलट थोडी गार होते, बरेच वाटते. म्हणून खोलीत कपडे वाळवण्यात काही चुकते आहे हे मनातच येत नाही.

मे महिन्यातली सोलापूरची हवा घ्या, ३८ अंश तापमान, २० टक्के आर्द्रता. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. तेवढेच ९ ग्रॅम पाणी २० अंशांच्या खोलीतल्या हवेत असेल तर आर्द्रता ५३ टक्के दाखवते. तीच हवा १२ अंशांच्या गार भिंतीला टेकली की तिथे ८६ टक्के होते. पाणी तेवढेच, फरक फक्त तापमानाचा. भिंतीलगतची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, भिंतीवर पाण्याचे थेंब दिसायची गरज नसते.

आता खोलीत रोज येणारे पाणी बघू. झोपेतल्या श्वासा-घामाचे एका रात्रीत पाव ते अर्धा लिटर. अंघोळीची वाफ न्हाणीघराचे दार उघडे ठेवल्यामुळे थेट खोलीत. ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या. वर चिमणी होती, पण तिचा पाइप बाहेर जात नव्हता. कोळशाच्या गाळणीतून हवा फिरवून ती पुन्हा खोलीतच सोडायची. अशी चिमणी वास आणि थोडे तेल धरते, वाफ जशीच्या तशी परत येते. ओळखायची खूण सोपी, चिमणीच्या वर पुढे कुठलाही पाइप नसतो आणि हवा वरच्या जाळीतून तोंडावर येते.

आणि कपडे. यंत्रात १२०० फेऱ्यांनी पिळलेल्या ५ किलो कोरड्या वजनाच्या कपड्यांत अडीच लिटरच्या आसपास पाणी उरते. टेरी टॉवेल आणि ती चादर यात असली की ते सुटायला दोन दिवस लागतात. आठवड्यातून एकदा हे सगळे हीटरवर आणि त्याच्यापुढच्या घडीच्या स्टँडवर वाळत असे. त्याने हीटरही झाकला जायचा.

पाणी बाहेर जाण्याच्या वाटा मात्र बंद होत्या. जुन्या खिडक्यांच्या फटींतून हवा आपोआप बदलायची, नव्या खिडक्यांनी ती वाट बुजवली. भिंती तशाच गार राहिल्या. पूर्वी वाफ आधी एकेरी काचेवर जमायची, डोळ्यांना दिसायची, पुसली जायची. आता काच भिंतीपेक्षा उबदार झाली, म्हणून पाणी धरायला सगळ्यात गार जागा उरली ती दोन बाहेरच्या भिंती मिळतात तो कोपरा. त्याला लागून पलंग, खाली बॅगा कोंबलेल्या. खोलीतली ऊब तिथे पोचतच नव्हती.

वर पैशाची काळजी. कॉलेजला जाताना ती हीटर पार बंद करायची. बाबांचे रोजचे विचारणे असायचे, "हीटर बंद केलास ना?" रात्री आल्यावर आकडा ५ वर. थर्मोस्टॅटवरचे आकडे वेग दाखवत नाहीत, ते तापमान दाखवतात. २ म्हणजे साधारण १६ अंश, ३ म्हणजे २०, ५ म्हणजे २८. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त थांबायचे कळत नाही. दिवसभर गार पडलेली भिंत संध्याकाळच्या तीन तासांत तापत नाही, हवा तापते, वाफ धरते, आणि रात्री ती भिंतीवर सोडते.

खिडकी ती उघडायची, पण वरून तिरकी करून, आणि तासन्‌तास. तिरक्या खिडकीतून हवा फार हळू बदलते, मात्र खिडकीभोवतालची भिंत गारठते. हवा बदलायची तर खिडकी सताड उघडून पाच मिनिटे, शक्य तर समोरचे दारही उघडून. याला श्टॉसल्युफ्टेन म्हणतात.

## समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी सोलापूर आणि जर्मनी यांच्यात दोन तास फोन चालला. चार गोष्टींचा विचार झाला.

पहिला विचार गुपचूप पुसून टाकायचा. ९३० युरो अडकलेले, पंचनाम्यावर 'दोष नाही' म्हणून सही, कळवले तर पैसे जातील ही भीती. ब्लीच मारून वर पांढरा रंग लावू असे ठरतही आले होते. भाडेकरूचे सर्वात मोठे नुकसान याच वाटेने होते. घरातला दोष दिसल्यावर विनाविलंब मालकाला कळवणे हे जर्मन नागरी संहितेनुसार भाडेकरूचे कर्तव्य आहे. कळवले नाही आणि नुकसान वाढले तर ते भाडेकरूच्या माथी येते, मग मूळ दोष इमारतीचा का असेना.

दुसरा विचार एका सीनियरचा, "भाडे वीस टक्के कमी भर, कायदा आहे." कायदा आहे हे खरे. पण किती कमी हे आपण स्वतः ठरवायचे असते, आणि पुढे दोष भाडेकरूचा निघाला तर ती रक्कम थकबाकी ठरते. थकबाकी साचली तर घर सोडायची तातडीची नोटीसही येऊ शकते. व्हिसा, पत्त्याची नोंदणी, परीक्षा हे सगळे त्या पत्त्याला बांधलेले असताना पहिल्याच थंडीत हा डाव खेळू नये. पूर्ण भाडे भरून 'हक्क राखून भरत आहे' असे लेखी कळवण्याची सोय आहे, ती कमी धोक्याची.

तिसरा, घर सोडणे. तीन महिन्यांची आगाऊ नोटीस, मध्य-सत्रात नवे घर, आणि जुन्या घराचा वाद तसाच. हा लगेच मागे पडला.

चौथा, लेखी कळवायचे, मोजमाप ठेवायचे आणि आपल्या बाजूच्या चुका आधी दुरुस्त करायच्या. याला आईचा पाठिंबा मिळाला. व्हिडिओतला डाग आठवला तो तिलाच.

## प्रत्यक्ष काय केले

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पुन्हा पाहिला. २ मिनिटे १० सेकंदांवर थांबवल्यावर पलंगामागे त्याच कोपऱ्यात दोन उघड्या वर्तमानपत्रांएवढा चौकोन बाकीच्या भिंतीहून जास्त पांढरा दिसत होता. म्हणजे तिथे आधीही काही झाकले होते, असा अंदाज बांधायला जागा होती. फक्त अंदाज, पुरावा नव्हे. पण पंचनाम्यावरच्या 'दोष नाही'समोर ठेवायला तेवढे पुरेसे होते.

मग फोटो. मोजपट्टी भिंतीला लावून जवळून, आणि मग पलंग, खिडकी, हीटर सगळे दिसेल असा लांबून. नुसता जवळचा फोटो कुठल्याही घरातला असू शकतो.

विद्यार्थी संघटनेच्या कायदा सल्ला केंद्रात तासभर मोफत वेळ मिळाली. तिथे पत्राचा मसुदा तपासून घेतला. पत्रात होते ते एवढेच : केव्हा दिसले, कुठे, किती सेंटिमीटर, सोबतचे फोटो, पाहणी करून दोष दूर करावा ही विनंती आणि त्यासाठी १४ दिवसांची तारीख. कारण काय, दोष कोणाचा, यावर एक शब्द नाही. "मी कपडे खोलीत वाळवते, त्यामुळे झाले असेल" हे वाक्य तिने मसुद्यात प्रामाणिकपणे लिहिले होते, सल्लागाराने ते काढायला लावले. विचारले तर खरे सांगायचे, पण कारण ठरवायचे काम मोजमापाचे आहे. पत्र ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने, दोन्हीकडून गेले.

भाडेकरू संघाने सुचवल्याप्रमाणे १२ युरोंचा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारे यंत्र, घेतला. स्वस्त यंत्रे पाच-सात टक्क्यांनी चुकतात, म्हणून आधी मिठाची परीक्षा : बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ते ओलसर होईल एवढेच पाणी, झाकण आणि यंत्र एका घट्ट पिशवीत आठ-दहा तास. आकडा ७५ यायला हवा. तिचा ७१ आला, म्हणजे यंत्र चार टक्के कमी दाखवत होते. वहीत पुढचे सगळे आकडे चार मिळवून लिहिले.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी बोलक्या होत्या. सकाळी उठल्यावर १८ अंश, ७० ते ७४ टक्के. बाहेर २ अंश असताना पाच मिनिटे खिडकी सताड उघडल्यावर ४० च्या आसपास, तासाभरात पुन्हा ५०. खोलीतल्या साधारण ४५ घनमीटर हवेचा हिशेब केला तर अशा एका वेळी पाव लिटरहून थोडे जास्त पाणी बाहेर जाते. एका धुण्याचे अडीच लिटर काढायला असे नऊ-दहा वेळा करावे लागेल. हा आकडा बघितल्यावर कपड्यांचा प्रश्न वेगळा सोडवायचा हे कोणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

बाबांची शंका रास्त होती, "पैसे देऊन तापवलेली हवा बाहेर घालवायची?" तेवढी हवा २ वरून २० अंशांवर आणायला लागणारी उष्णता पाव युनिटच्या आसपास भरते. दिवसातून तीन वेळा म्हटले तरी पाऊण युनिट. ऊब साठते ती भिंतीत, फरशीत, पलंगात, आणि पाच मिनिटांत त्या गार होत नाहीत. हा हिशेब सोलापुरी युनिटांत मांडल्यावर त्यांना पटला. आईचे मात्र बरेच दिवस चालू होते, "थंडीत खिडक्या उघडून बसायलीस काय गं?"

कपडे वाळवायला जागा इमारतीतच होती. तळघरात दोऱ्या लावलेली, हवेशीर खोली, सगळ्या भाडेकरूंसाठी. तिचा उल्लेख हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे घराच्या नियमांत, चौथ्या कलमात होता. कराराला जोडलेली ती दोन पाने साडेतीन महिने वाचलीच नव्हती. भाषांतर अॅपमधून वाचायला वीस मिनिटे लागली.

पलंग भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे ओढला, खालच्या बॅगा तळघरातल्या कोठडीत गेल्या. न्हाणीघराचे दार अंघोळीनंतर बंद आणि पंखा चालू. कुकर लावताना खिडकी उघडी. थर्मोस्टॅट दिवसा घराबाहेर असतानाही अडीचवर, घरी असताना तीनवर.

## पाहणी

अकराव्या दिवशी हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारे गृहस्थ, भिंतीचे तापमान मोजणारे यंत्र घेऊन आले. पहिले वाक्य अपेक्षित होते, "हवा खेळती ठेवत नाही तुम्ही." तिने वही पुढे केली. ती बघून त्यांचा सूर बदलला.

खोली १९.५ अंश, भिंतीचा मधला भाग १५.५, कोपरा १३. त्यांच्या विनंतीवरून पलंग आदल्या रात्री जुन्या जागी लावून ठेवला होता, तसा सकाळी कोपरा ११.५ होता. १३ अंशांच्या कोपऱ्यावर बुरशी धरू नये म्हणून खोलीतली आर्द्रता सुमारे ५३ टक्क्यांच्या खाली हवी. ११.५ असेल तर ४८ च्या खाली. सगळ्या माहितीपत्रकांत '४० ते ६० टक्के ठीक' असे लिहिलेले असते. या खोलीत ६० टक्के ठीक नव्हते. माहितीपत्रक पाळूनही इथे बुरशी आली असती, आणि हा भाग इमारतीचा. ७२ टक्क्यांवर खोली ठेवणे हा भाग विद्यार्थिनीचा.

व्हिडिओतला पांढरा चौकोन दाखवल्यावर त्यांनी सांगितले की आधीच्या भाडेकरूच्या वेळी खिडक्या बदलल्यावर पहिल्याच थंडीत तिथे डाग आला होता आणि साध्या रंगाने झाकला होता. हे त्यांनी तोंडी सांगितले. तिने त्याच संध्याकाळी व्यवस्थापनाला आभाराचे ईमेल लिहिले आणि त्यात 'आज पाहणीत असे समजले' म्हणून ते वाक्य नोंदवले. कोणी हरकत घेतली नाही.

## निष्पत्ती

डागाचे क्षेत्र अर्ध्या चौरस मीटरच्या आत आणि वरवरचे असेल तर ते स्वतः साफ करता येते, असे जर्मन केंद्रीय पर्यावरण संस्थेचे मार्गदर्शन आहे. इथे पाव चौरस मीटर होते. तरी तिने हात लावला नाही, कारण पाहणीपूर्वी पुसणे म्हणजे पुरावा पुसणे. पाहणीनंतर व्यवस्थापनाने माणूस पाठवला. त्याने हातमोजे, चष्मा, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून ७० ते ८० टक्के अल्कोहोलने पुसले, जवळपास ज्योत किंवा तापलेली शेगडी नाही याची खात्री करून. व्हिनेगर वापरले नाही. चुन्याच्या गिलाव्यावर व्हिनेगरचे आम्ल मरते आणि उरलेला अंश बुरशीला खाद्य होतो. पोपडे आलेला रंग खरवडून दोन हात सिलिकेट रंग दिला. तो अल्कधर्मी असतो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही.

खर्च मालकाने केला. भाडे कमी झाले नाही, मागितलेही नव्हते. बॅग आणि एक रेशमी साडी गेली, त्याची भरपाई मागता येईल का असे तिने विचारले, पण सल्लागाराने सांगितले की स्वतःच्या ७२ टक्क्यांच्या नोंदी हातात असताना तो वाद टिकणार नाही. साडी आजीची होती. त्याचे वाईट वाटत राहिले.

दुसऱ्या थंडीत कोपरा स्वच्छ राहिला.

## काय वेगळे करता आले असते

ताब्याच्या दिवशीची सही हा सगळ्यात महाग क्षण होता. आधी भरून आणलेला फॉर्म नाकारायची गरज नाही. 'कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा भाग, अंदाजे ७० बाय ८० सेंमी' एवढे एक वाक्य हाताने लिहून मग सही करायची. इंग्रजीत लिहिले तरी चालते. व्हिडिओ सहीच्या आधी काढायचा, नंतर नव्हे, आणि फर्निचर पुढे ओढून. दिवसाच्या उजेडात ताबा मागावा. ऑक्टोबरात संध्याकाळी सातला दिव्याखाली रंगातला फरक दिसत नाही.

हायग्रोमीटर पहिल्या आठवड्यात घ्यायची वस्तू आहे. डाळ-तांदळाच्या किमतीत येतो. सोलापुरातून नेला तरी चालेल. तिने नेलेल्या सामानात अॅल्युमिनियमचा कुकर होता, तो या घरातल्या काचेच्या साध्या शेगडीवर चालला, इंडक्शन असती तर निरुपयोगी ठरला असता. शेंगाचटणी आणि कडक भाकरी व्यवस्थित पोचल्या. तुपाचा डबा मुंबई विमानतळावर काढून ठेवला ते योग्यच, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ताज्या कढीपत्त्यालाही.

सोलापुरी चादर न्यावी की नाही, हा प्रश्न जाणाऱ्या मुलांच्या घरून हमखास येतो. न्यावी. पण ती वाळवायची खोलीत नाही, नाणी टाकून चालणाऱ्या लाँड्रीतल्या ड्रायरमध्ये.

आणि आईने विचारले तेव्हाच, १ ऑक्टोबरला, खाली वाकून त्या कोपऱ्याला हात लावून बघितला असता तर?

## डिपॉझिट

दोन वर्षांनी घर सोडताना पंचनाम्याला तिने स्वतःची यादी नेली. भिंती, कोपरा, मीटर, तीन किल्ल्या, सगळे लिहून दोघांच्या सह्या. ९३० पैकी ८१० युरो तीन महिन्यांत आले. १२० युरो शेवटच्या वर्षाच्या हीटिंगच्या हिशेबासाठी मालकाने राखून ठेवले, तसे वाजवी प्रमाणात ठेवता येतात. तो हिशेब पुढच्या शरद ऋतूत आला. दिवसभर अडीचवर ठेवलेल्या हीटरसकट ३८ युरो जास्त निघाले. ते वजा करून ८२ युरो जमा झाले, तिने जर्मन खाते बंद केले नव्हते म्हणून विनासायास.